संप्रेरके बदलली, तर मन बदलते का?

सातवीत असताना स्नेहसंमेलनात हौसेने गाणे म्हणणारा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेल. नववीत आल्यावर तोच मित्र गाण्यासाठी उभा राहायचे टाळू लागतो. वरच्या पट्टीत गेले की त्याचा आवाज फाटतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. मग तो घरीही घुम्यासारखा बसतो. आईने नुसते 'जेवायला चल' म्हटले तरी त्याला राग येतो. घरातली मंडळी म्हणतात, "वयच आहे त्याचे!"

हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. त्याचा स्वभाव बदलला तो नेमका कशाने? रक्तात वाढलेल्या एखाद्या रसायनाने, फाटलेल्या आवाजाने, की मागच्या बाकांवरच्या हसण्याने? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना भल्याभल्या शास्त्रज्ञांची दमछाक झालेली आहे.

काही माणसांच्या आयुष्यात वयात येण्यासारखा काळ दोनदा येतो. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली, पण आपण स्त्री आहोत अशी ज्यांची स्वतःविषयीची जाणीव पक्की असते, अशा व्यक्तींना पारलिंगी स्त्रिया म्हणतात. त्यांच्यापैकी अनेक जणी मोठेपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्त्री-संप्रेरकांचा उपचार घेतात. अशा वेळी मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. शरीर बदलेल ते ठीक, पण माझ्या मनाचे काय? मी मीच राहीन ना? विज्ञान या प्रश्नाला काय उत्तर देते, ते आज पाहू.

गॉटिंगेनचे सहा कोंबडे

प्रथम संप्रेरक म्हणजे काय ते समजून घेऊ. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टोल्ड या शास्त्रज्ञाने सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले, त्या कोंबड्यांचे तुरे खुरटले. ते जोमाने आरवेनात आणि भांडेनातही. काहींच्या पोटात मात्र त्याने वृषण पुन्हा बसविले. या कोंबड्यांचे तुरे लालभडक वाढले, ते आरवू लागले आणि एकमेकांवर धावूनही जाऊ लागले. पुन्हा बसविलेल्या वृषणाला मज्जातंतू जोडलेले नव्हते. नव्या रक्तवाहिन्या मात्र फुटल्या होत्या. म्हणजे जो काही निरोप जात होता, तो रक्तातून जात होता.

रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा रसायनांना १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' हे नाव दिले. 'चालना देणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. मराठीतला 'संप्रेरक' हा शब्दही प्रेरणेवरूनच आला आहे.

संप्रेरक रक्तातून सगळीकडे पोचते, पण त्याचा निरोप काही ठरावीक पेशीच वाचू शकतात. ज्या पेशीत त्या संप्रेरकाचे 'ग्राही' असतात, तिलाच तो कळतो. कुलपात बसेल तीच किल्ली फिरते, तसे हे आहे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही मेंदूतही आहेत. भूक, झोप व शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या भागात ते आहेत. भीती व राग यांच्याशी संबंधित भागात आहेत. आणि स्मृतीशी संबंधित भागातही आहेत. हे ग्राही स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही मेंदूत असतात. इतकेच नव्हे, तर पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरोन या पुरुष-संप्रेरकापासूनच थोडे ईस्ट्रोजेन तयार होत असते. तेव्हा 'स्त्रीचे संप्रेरक' आणि 'पुरुषाचे संप्रेरक' ही नावे सोयीची आहेत. खरा फरक प्रमाणाचा आहे.

हे प्रमाण तरी केवढे? उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तरसात ईस्ट्रोजेनच्या एस्ट्रॅडिऑल या मुख्य प्रकाराचे प्रमाण साधारण १०० ते २०० पिकोग्रॅम असावे, असे डॉक्टर पाहतात. शरीरातील सर्व रक्त जमेस धरले तरी ते एका मायक्रोग्रॅमहून, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरते!

टाकी आणि मोटर

उपचार कसा चालतो? गच्चीवरची टाकी भरली की खालची मोटर बंद करतात, हे तुम्ही पाहिले आहे. शरीरातही अशीच व्यवस्था आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृषणांना टेस्टोस्टेरोन बनविण्याचा हुकूम देते. रक्तातले संप्रेरक पुरेसे झाले की मेंदूला ते कळते आणि हुकूम थांबतो. बाहेरून ईस्ट्रोजेन दिले की मेंदूला वाटते टाकी भरली! मग वृषणांचे काम मंदावते. जोडीला पुष्कळदा टेस्टोस्टेरोनला अडविणारे दुसरे औषधही देतात.

पुढचे बदल सावकाश होतात. त्वचा मऊ होणे, स्तनांची वाढ सुरू होणे, चरबीची ठेवण बदलणे यांना तीन ते सहा महिने लागतात; ते पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षेही लागतात. एकदा फुटलेला आवाज मात्र या औषधाने पुन्हा बारीक होत नाही. त्यासाठी गायकासारखा रियाज करावा लागतो.

या औषधांनी शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो; अपत्य होण्याची क्षमता कमी होते, ती कायमचीही जाऊ शकते; टेस्टोस्टेरोनला अडविणाऱ्या काही औषधांनी मन उदासही होते. म्हणून हा उपचार वेळोवेळी रक्त तपासून, तज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखालीच घ्यायचा असतो. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून घ्यायच्या या गोळ्या नव्हेत.

अनुभव काय सांगतात?

उपचार घेतलेल्या अनेक स्त्रिया सांगतात, की पूर्वी घशाशी आवंढा येऊन थांबायचा, आता डोळ्यांत चटकन पाणी येते. काहींना राग कमी येतो, मन निवांत वाटते. काहींची मनःस्थिती पहिले काही महिने हिंदकळते. सकाळी उत्साह, संध्याकाळी हुरहूर. तुमच्या वयाला हे वर्णन ओळखीचे वाटेल! आणि काही जणी म्हणतात, की मनात विशेष फरक पडलाच नाही.

हे अनुभव खोटे नाहीत. पण 'अमुक औषध घेतले, नंतर तमुक वाटले' एवढ्यावरून 'अमुकामुळेच तमुक झाले' असे विज्ञानात म्हणता येत नाही. याचा एक धडा इतिहासातच आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला. अंगात तरुणपणचे बळ आले, बुद्धी तल्लख झाली, असे त्याने जाहीर केले. पण त्या अर्कात टेस्टोस्टेरोन जवळजवळ नव्हतेच. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तसाच अर्क बनवून मोजला आणि त्यातले प्रमाण परिणाम करण्याइतके नाही, हे दाखविले. म्हातारबुवांना जो जोम आला, तो आशेचा होता!

मग उपाय काय? निम्म्या लोकांना खरे औषध आणि निम्म्यांना साखरेची गोळी द्यायची, कोणाला काय दिले ते कोणालाच सांगायचे नाही, ही नेहमीची रीत. ती येथे चालत नाही. काही महिन्यांतच शरीर बदलू लागते आणि कोणती गोळी मिळाली ते शरीरच सांगून टाकते.

शास्त्रज्ञांनी काय मोजले?

तरी शास्त्रज्ञ हात बांधून बसले नाहीत. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रूस मॅकएवन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले, की उंदराच्या मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागातील पेशींवरचे सूक्ष्म काटे कमी-जास्त होतात. याच काट्यांवर एक पेशी दुसरीचा निरोप घेते. म्हणजे प्रौढ मेंदूची बारीक वीणसुद्धा संप्रेरकांबरोबर बदलते.

माणसांवरील अभ्यास नेदरलँड्समध्ये बराच झाला. १९९५ साली तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले, की स्त्री-संप्रेरके सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पारलिंगी स्त्रियांची रागाची प्रवृत्ती कमी झाली, झटपट शब्द सुचण्याची क्षमता वाढली आणि आकृत्या मनातल्या मनात फिरविण्याची क्षमता घटली. वृत्तपत्रांना आवडेल असाच हा निष्कर्ष! पण १९९९ मध्ये तेथेच झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शब्द आणि आकृत्या यांच्या बाबतीत असा फरक आढळलाच नाही. २००६ मधील आणखी एका डच अभ्यासात चार महिन्यांच्या उपचारानंतर मेंदूचे आकारमान किंचित घटलेले दिसले. पण तपासलेल्या पारलिंगी स्त्रिया होत्या अवघ्या आठ, आणि आकारमान म्हणजे बुद्धी नव्हे.

२०२१ साली अशा वीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. संप्रेरक उपचारानंतर उदासी व चिंता कमी होते आणि जगणे अधिक समाधानाचे होते, असा त्याचा कल दिसला. मात्र पुरावा अजून भक्कम नाही, हेही त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिले. 'आम्हांला एवढेच कळले आहे' असे म्हणणे हा विज्ञानाचा कमीपणा नव्हे.

तीन वाटा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. संप्रेरक मनापर्यंत तीन वाटांनी पोचते. पहिली वाट थेट, म्हणजे मेंदूतल्या ग्राहींची. दुसरी शरीरावरून जाते. आरशातले रूप आपले वाटू लागले की मनावरचे ओझे उतरते. तिसरी वाट भोवतालच्या लोकांमधून जाते. ते कोणत्या नावाने हाक मारतात, कसे पाहतात, हसतात की बसायला जागा देतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

या तिन्ही वाटा क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतात. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या आणि अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या क्रिस्टीन १९५० मध्ये डेन्मार्कला गेल्या. कोपनहेगनचे संप्रेरकतज्ज्ञ ख्रिश्चन हँबर्गर यांनी त्यांच्यावर ईस्ट्रोजेनचा उपचार केला. पुढे शस्त्रक्रियाही झाल्या. डिसेंबर १९५२ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. १९५३ मध्ये त्या परतल्या तेव्हा विमानतळावर वार्ताहरांची झुंबड उडाली होती. लाजाळू म्हणून वाढलेल्या क्रिस्टीन नंतर रंगमंचावर गायल्या, महाविद्यालयांत व्याख्याने देत फिरल्या. त्यांच्या स्वभावातला हा मोकळेपणा गोळीत होता काय? गोळीने पहिल्या दोन वाटा उघडल्या असतील. तिसरी मात्र अर्धीच उघडली. जन्मदाखल्यावर 'पुरुष' लिहिलेले असल्याने १९५९ मध्ये त्यांना विवाहाचा परवाना नाकारण्यात आला.

आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपली लिंगओळख सांगण्याचा अधिकार ज्या त्या व्यक्तीचा आहे, असा निर्णय दिला. न्यायालयाने उघडलेली वाट वर्गापर्यंत आणि गल्लीपर्यंत पोचविणे हे काम मात्र कायद्याने आपोआप होत नाही.

तेव्हा 'मी मीच राहीन ना?' या प्रश्नाचे उत्तर काय? डोळ्यांत पाणी लवकर येईल, राग उशिरा येईल, कदाचित यातले काहीच होणार नाही. पण आठवणी, आवडीनिवडी, गणिताची भीती, आजीविषयीची माया हे सगळे कुठल्याही गोळीने पुसले जात नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मित्राचेच पाहा ना. त्याचा आवाज बदलला, राग वाढला, तरी तो कोणी दुसराच झाला असे तुम्ही म्हणत नाही.

त्याचे गाणे बंद पडले ते एकट्या टेस्टोस्टेरोनमुळे नव्हे. आवाज काही महिन्यांनी आपोआप बसतो. त्यावर कोणाचा इलाज नाही आणि गरजही नाही. मागच्या बाकांवरच्या हसण्यावर मात्र इलाज आहे, आणि त्याला डॉक्टर लागत नाही.