हृदय धडधाकट, ठोके बेताल

झडपा, स्नायू, धमन्या सगळे ठाकठीक. तरी एकाएकी धडधड सुरू होते, नाडी मिनिटाला 150 ते 220 वर जाते आणि तशीच एकाएकी निवते. दोष विजेच्या वाटेत असतो, अनेकदा जन्मजात जादा तंतूचा. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या गावांतून ईसीजीपर्यंत पोहोचेस्तोवर झटका ओसरलेला, आलेख नेहमीसारखा. मग ‘मनाचे खेळ’ हा शेरा! चालू झटक्यातला ईसीजीचा एक कागद दहा तपासण्यांना भारी. ठोके बिघडायला औषधही कारण ठरू शकते. हिवताप हे गडचिरोलीचे जुने दुखणे. त्यावरची क्विनीन, क्लोरोक्विन ही औषधे ठोक्यांची लय बिघडवू शकतात. गंमत म्हणजे क्विनीन घेऊन आपले बेताल ठोके ताळ्यावर आणणाऱ्या एका व्यापाऱ्याची हकिगत डच डॉक्टर वेंकेबाख यांनी 1914 मध्ये नोंदवली होती.