शर्यत जिंकणारा जुळारी



मागच्या थंडीत हरभऱ्यावरच्या घाटे अळीची पाहणी करायला एका गावी गेलो होतो. कामगंध सापळ्यांत किती पतंग सापडले ते मोजून झाले आणि बांधावर चहा आला. शेताचे मालक गळ्यात माळ असलेले, आषाढीची वारी न चुकवणारे. अळीचे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, अळीचं औषध तुम्ही सांगितलंत. आता आमच्या धाकट्याला काही सांगा."

धाकटा पोलीस भरतीची तयारी करीत होता. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्याने पाच-सहा मैल पळायचा. दोन वेळा भरतीला गेला आणि दोन्ही वेळा थोड्या गुणांनी राहिला. तरी पळणे सुटले नव्हते. आता तर तो तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतही नाव देऊ लागला होता.

वडिलांची तक्रार आळसाची नव्हती. ते म्हणाले, "पोरगं कामाला वाघ आहे. पण मला वेगळंच वाटतं. देवानं पाय दिले ते रानात राबायला आणि पंढरीला जायला. लोकांच्या पुढं जायचं, टाळ्या घ्यायच्या, ही हावच नाही का? माळकऱ्याच्या घरात हे बसतं का?"

मी चहाचा पेला खाली ठेवला. प्रश्न साधा नव्हता. हसण्यावारी नेता आला असता, पण माणूस मनापासून विचारीत होता. मग कॉलेजात असताना वाचलेली एका माणसाची हकिकत मला आठवली. हाच प्रश्न त्या माणसालाही पडला होता. तो आपल्या मुलखातला नव्हता आणि आपल्या धर्माचाही नव्हता. पण शेतावर राबलेला होता, आणि त्याचा प्रश्न या माळकरी बाबांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ होता. बांधावर त्यांना जे सांगितले तेच आज आपल्याला सांगतो.

शेतीशाळेतला पोरका मुलगा

त्याचे नाव क्लॅरन्स डीमार. जन्म १८८८ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. वडील लहानपणीच गेले. आईच्या पदरात लेकरे आणि घरात दारिद्र्य. आईने क्लॅरन्सला बॉस्टन शहराजवळच्या एका बेटावर गरीब मुलांसाठी चालवलेल्या शाळेत घातले. तिथे अभ्यासाबरोबर शेतकाम आणि हातचे धंदे शिकवीत. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो व्हरमाँट राज्यात एका फळबागायतदाराकडे कामाला राहिला. नंतर काम करता करता तिथल्याच विद्यापीठात शिकू लागला. कामावरून वर्गात आणि वर्गातून कामावर वेळेत पोचायचे तर पळावेच लागे. त्यातून त्याला कळले की आपल्याला वेगापेक्षा दम जास्त आहे.

आईला हातभार लावायला त्याने शिक्षण मध्येच सोडले आणि बॉस्टनकडे येऊन छापखान्यात जुळारी झाला. खिळे उचलून ओळी जुळवायचे उभ्याचे काम. ते संपले की हा गडी गाडीने न जाता धावत घरी जायचा, आणि सकाळी धावत कामावर यायचा. हातात एक कोरडा सदरा असे. तालीम म्हणावी तर हीच. त्यासाठी वेगळा वेळ नव्हता आणि वेगळा पैसाही नव्हता.

बॉस्टन हे गाव आपल्या मुलखाला तसे अनोळखी नाही. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ज्या अमेरिकन मिशनने काम सुरू केले, ती मंडळी याच बॉस्टनच्या संस्थेने धाडली होती. त्या भागातली साधी, काटकसरी, बायबल वाचणारी माणसे कशी असत, याची त्यावरून कल्पना यावी. डीमार त्यांच्यातलाच होता. बाप्तिस्त पंथाचा, दर रविवारी चर्चला जाणारा आणि तिथल्या रविवारच्या शाळेत मुलांना धर्माचे धडे देणारा. बालवीरांचे पथकही तो चालवीत असे.

डॉक्टर नको म्हणाले

बॉस्टनला १८९७ सालापासून दर एप्रिलमध्ये मॅरेथॉन शर्यत होते. आज मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्या काळी ही वाट सुमारे ३९ किलोमीटरची होती. १९१० साली डीमार पहिल्यांदा तिथे धावला आणि दुसरा आला. १९११ साली पुन्हा गेला. शर्यतीआधी डॉक्टर सर्वांची छाती तपासत. याच्या छातीवर नळी ठेवली तर हृदयात वेगळा आवाज ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, ही शर्यत तुझी शेवटची असू दे, आणि दमलास तर मध्येच सोड. डीमार धावला, आणि २ तास २१ मिनिटे ३९ सेकंदांत पहिला आला. तिथला तोवरचा सर्व विक्रम त्याने मोडला.

पुढच्या वर्षी, १९१२ साली, स्टॉकहोमच्या ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. १४ जुलैला तिथे कडक ऊन होते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो नावाचा धावपटू त्या शर्यतीत कोसळला आणि मरण पावला. डीमार बारावा आला.

यानंतर तो बॉस्टनच्या शर्यतीपासून काही वर्षे दूर राहिला. एक कारण डॉक्टरांचा इशारा, दुसरे अपुरे राहिलेले शिक्षण. आणि तिसरे कारण म्हणजे आपल्या माळकरी बाबांचा प्रश्न. इतरांना मागे टाकून पुढे जायचे, लोकांनी आपले नाव घ्यावे असे वाटायचे, हा पोकळ अभिमान नव्हे काय? रविवारी मुलांना नम्रता शिकवायची आणि एप्रिलमध्ये स्वतःच्या नावासाठी छाती फोडायची, हे देवाला रुचेल काय?

बंधूंनो, विचार करा. बावीस-तेविसाव्या वर्षी देशात नाव झालेला मुलगा असा प्रश्न स्वतःला विचारतो आणि ऐन भरात मागे सरतो. हे सोपे नाही.

उत्तर पायांनी दिले

१९१७ साली तो बॉस्टनला पुन्हा उतरला आणि तिसरा आला. १९२२ साली, तेहेतिसाव्या वर्षी, पहिल्या विजयानंतर अकरा वर्षांनी तो पुन्हा पहिला आला. मग १९२३, १९२४, १९२७ आणि १९२८. आणि १९३० साली सातव्यांदा, तेव्हा त्याचे वय ४१ होते. बॉस्टनची शर्यत सात वेळा जिंकणारा पुरुष धावपटू आजवर दुसरा झालेला नाही.

त्याच्या मनातला गुंता कसा सुटला, ते मी त्याच्या वागण्यावरून ओळखतो. धावण्यासाठी त्याने काम सोडले नाही, छापखान्यात खिळे जुळवीतच राहिला. पुढे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन या गावी शिक्षकांच्या शाळेत तो मुद्रणकला शिकवू लागला. रविवारची शाळा सोडली नाही. शर्यतीतून पैसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बॉस्टनला रोख बक्षिसे सुरू झाली ती १९८६ साली. डीमारच्या काळात डोक्यावर पानांची माळ आणि शर्यतीनंतर मांसाचा गरम रस्सा, एवढीच मिळकत. स्वभावाने तो काही संत नव्हता. वाटेत कोणी अंगचटीला आले की संतापायचा. पण ज्या गोष्टीसाठी धावायचे तिच्यात लोभ शिरू द्यायचा नाही, हे त्याने सांभाळले.

हार झाल्यावर जो सोडून देतो, त्याला टाळ्याच हव्या होत्या असे समजावे. डीमार जिंकणे संपल्यावरही धावतच राहिला. १९५४ साली, ६५ व्या वर्षी, त्याने बॉस्टनची शेवटची शर्यत पुरी केली. तेव्हा पुढे धावणारी पोरे त्याच्या नातवांच्या वयाची होती.

एक ऑलिंपिक, दोन भाविक

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक झाले. स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा १०० मीटरचा नावाजलेला धावपटू. त्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या ६ जुलैला, रविवारी होत्या. रविवार हा देवाचा दिवस म्हणून त्याने ती शर्यत आधीच सोडली. ११ जुलैला तो ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. पुढल्या वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला, तिथल्या खेड्यापाड्यांतही त्याने काम केले, आणि १९४५ साली जपान्यांच्या नजरकैदेतच मेंदूतल्या गाठीने वारला.

त्याच ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन झाली १३ जुलैला. तोही रविवारच. डीमार धावला आणि तिसरा आला, कांस्यपदक मिळाले. त्याच शर्यतीत आपल्या हिंदुस्थानचा महादेव सिंगही होता.

दोघेही ख्रिस्ती आणि दोघेही पक्के भाविक. एकाने रविवार पाळून देवाची सेवा केली, दुसऱ्याने रविवारी धावून. आपल्याकडे एकादशीला कोणी निर्जळी राहतो, कोणी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खातो, आणि दोघेही एकाच दिंडीत चालतात. पाळणे ज्याच्या त्याच्या मनाशी असते. ते खरे असले म्हणजे झाले.

ख्रिस्ती धर्मात धावण्याचा दृष्टांत जुना आहे. संत पौलाने आपल्या पत्रांत श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. आणि आपल्याला तरी हे कोणी शिकवायला हवे काय? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट लाखो पाय तुडवतात, त्यात सत्तरीच्या आजीबाईही असतात. पाय आणि श्रद्धा यांचे नाते आपल्या घरातलेच आहे.

धावणेही आपल्याला परके नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरे अनवाणी लांब पल्ला धावताना पाहिली आणि ते थक्क झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपला संघ गेला. त्यात बेळगावकडचा फडेप्पा चौगुले होता. तो मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला.

त्या हृदयाचे पुढे काय झाले?

डॉक्टरांनी ज्या हृदयाची धास्ती घेतली, ते आणखी ४७ वर्षे चालले. १९५७ साली, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही, डीमार एका शर्यतीत धावला. ११ जून १९५८ ला तो कर्करोगाने गेला. नंतर डॉ. पॉल डडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचे हृदय तपासले आणि १९६१ साली वैद्यकाच्या मासिकात लिहिले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या साधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. एका माणसावरून सगळ्यांचा नियम काढू नये. पण चालत्या-पळत्या हृदयाचे भले होते, हे आज डॉक्टरही सांगतात.

याचा अर्थ डॉक्टरांचे ऐकू नये असा मात्र नाही. त्या काळी तपासायला नुसती नळी होती, आज तालुक्याला हृदयाचा आलेख निघतो. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर रक्तदाब वाढल्याचे कळले, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच चालायला लागलो. आता शक्य तिथे गाडी गावाच्या वेशीवर ठेवतो आणि शिवारात पायी जातो.

धावणाऱ्या मुला-मुलींसाठी चार गोष्टी

१. डांबरी रस्त्यापेक्षा कच्ची वाट किंवा गवताचे मैदान बरे. गुडघे टिकतात, आणि अंधारात वाहनाची भीतीही राहत नाही.

२. अंतर हळूहळू वाढवा. रोपाला एकदम खताचा डोस दिला तर ते करपते, तसेच पायाचे आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्या.

३. धावताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत. बोलताच येत नसेल तर वेग जास्त आहे. बहुतेक दिवस असेच सावकाश धावावे.

४. भर उन्हात धावू नका. लाझारोची आठवण ठेवा. पाणी पीत राहा. फार घाम गेला तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्या. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. चाळिशीपुढच्यांनी तपासणी करूनच सुरुवात करावी.

बांधावरचा शेवट

एवढे सांगून झाल्यावर माळकरी बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तो मुलांना शिकवीत राहिला, आणि छापखानाही सोडला नाही." मी म्हणालो, "होय." ते म्हणाले, "मग त्याची हाव नव्हती."

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. धाकट्याची भरती अजून झालेली नाही. होईल की नाही, मी सांगू शकत नाही. जागा थोड्या आणि पोरे फार. पण पहाटे तो एकटा पळत नाही. गल्लीतली सात-आठ पोरे आणि दोन पोरी त्याच्या मागे असतात. पळून आले की तो त्यांना देवळाच्या पारावर बसवून गणिते सोडवून घेतो, आणि मग रानात जातो. बाबा त्या पोरांसाठी गूळ-शेंगदाणे आणि पाण्याची कळशी पारावर ठेवून देतात.

आपल्या घरातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. यातून काय मिळणार, असे विचारण्याआधी एवढे पाहा, की धावून आल्यावर ते लेकरू कामाला लागते का आणि दुसऱ्याला हात देते का. देत असेल तर त्याला पळू द्या.