ध्वनिमुद्रकातून बाह्य मायक्रोफोनला होणारा वीजपुरवठा : क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात

प्रास्ताविक :

सीबीडी बेलापूर म्हटले की सिडको भवन, कोकण भवन आणि कार्यालयांच्या उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. या इमारतींच्या सावलीतच दिवाळे, शहाबाज, बेलापूर ही कोळी-आगरी वस्तीची मूळ गावे आहेत. लग्नविधीत धवले गाणाऱ्या धवलारणी आता थोड्याच उरल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या व त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. असे कार्य आपल्या परिसरात करू इच्छिणारे प्राध्यापक व विद्यार्थी खिशात मावणारा ध्वनिमुद्रक घेऊन गावात जातात, परंतु बहुधा अडखळतात ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीपाशी : जोडलेल्या मायक्रोफोनला वीज मिळते आहे का? सत्तरीच्या वृद्धेने तासभर गायल्यानंतर मुद्रणात केवळ खरखर आढळली, तर तिला पुन्हा गावयास सांगणे शोभत नाही, आणि कित्येकदा ते शक्यही नसते.

विजेची गरज कोणाला?

डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी स्वतःच विद्युत्संकेत निर्माण करते, त्यामुळे त्यास बाहेरील विजेची आवश्यकता नसते. मात्र त्याचा संकेत क्षीण असतो. कंडेन्सर मायक्रोफोनचे तसे नाही. त्यातील संधारित्राचा संकेत तारेतून वाहून नेण्याजोगा करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घटकाला वीज लागतेच. बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट व गेऱ्हार्ड सेस्लर यांनी १९६२ मध्ये विकसित केलेल्या इलेक्ट्रेटमुळे पडद्यावरील विद्युत्भार कायमस्वरूपी झाला, परंतु त्या घटकाची गरज सुटली नाही. कॉलरला लावावयाचे छोटे मायक्रोफोन बहुतांशी याच जातीचे असतात.

पुरवठ्याचे दोन प्रकार :

पहिला प्रकार ‘प्लग-इन पॉवर’. लहान ध्वनिमुद्रकाच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून साधारणतः २ ते ५ व्होल्ट इतका दाब, ज्या तारेतून आवाज येतो त्याच तारेवरून, पुरविला जातो. इलेक्ट्रेटला एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरत असल्याने तो भागतो. अनेक यंत्रांत ही सोय मेनूतून सुरू करावी लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

दुसरा प्रकार ‘फँटम पॉवर’, म्हणजे ४८ व्होल्ट. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पिन २ व ३ यांवर प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रोधकातून समान दाब दिला जातो; परतीचा मार्ग पिन १ चा. दोन्ही पिनांवर दाब समान असल्याने सुस्थितीतील डायनॅमिक मायक्रोफोनच्या गुंडाळीतून प्रवाह वाहत नाही व त्यास इजा होत नाही. केबल सदोष असेल तर मात्र ही हमी देता येत नाही. जुन्या रिबन मायक्रोफोनच्या बाबतीत तर धोका पत्करूच नये. ४८ हा आकडा कोठून आला, याची हकिकत मनोरंजक आहे. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमन कंपनीने मायक्रोफोन तयार केले, तेव्हा तेथील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच वापरला गेला व पुढे प्रमाण ठरला!

बॅटरीचा हिशेब :

एक मायक्रोफोन ४ मिलिअँपिअर घेतो असे धरू. दोन रोधक समांतर असल्याने परिणामी रोध ३.४ किलोओहम, म्हणजे १३.६ व्होल्ट तेथेच खर्ची पडून मायक्रोफोनपर्यंत ३४.४ व्होल्ट पोहोचतात. बहुतेक मायक्रोफोनांना तेवढे पुरते. खरी झळ बॅटरीला लागते. असे दोन मायक्रोफोन लावल्यास ४८ व्होल्टच्या पुरवठ्यातून सुमारे ०.३८ वॅट खर्च होतात. १.२ व्होल्टच्या दोन पुनर्भारित सेलमधून ते काढावयाचे तर, दाब वाढविताना होणारी हानी धरून, २०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह लागतो. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल केवळ या कामीच दहा तासांच्या आत संपतील. ध्वनिमुद्रकाचा स्वतःचा खर्च निराळा. लग्नघरी हळदीपासून रात्रीपर्यंत बसावयाचे असेल तर सेलच्या दोन जोड्या जवळ असाव्यात, आणि डायनॅमिक मायक्रोफोन वापरताना फँटम बंद ठेवावे.

जोडणीतील चुका :

एक्सएलआर मायक्रोफोनला साधे रूपांतरक लावून ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये खुपसले म्हणजे ४८ व्होल्ट मिळत नाहीत. उलटपक्षी कॉलर मायक्रोफोन एक्सएलआरला जोडताना दाब कमी करणारे रूपांतरकच हवे. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही वस्तू दिसावयास सारख्याच असतात, म्हणून विचारूनच घ्याव्यात. भ्रमणध्वनीसाठीच्या मायक्रोफोनच्या प्लगवर चार संपर्क असतात, ध्वनिमुद्रकाचा जॅक बहुधा तीन संपर्कांचा. तेथेही आवाज गडप होतो. फँटम सुरू असताना तार काढू-घालू नये. आधी जोडणी, मग पुरवठा, काही क्षण थांबून मगच पातळी वाढवावी, आणि हे सारे धवलारीण पाटावर बसण्यापूर्वी, कानाला हेडफोन लावून.