बैलगाडीचा घाट आणि सड्यावरची घाटी

वेंगुर्ल्याहून मालवणला जाताना खाडीवरचा पूल संपला, आणि लगेच समोर उभा राहिलेल्या चढाच्या मध्यावर मी सायकलवरून खाली उतरलो. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, वर तंबूची वळकटी. चेनवर तांबड्या मातीचा लेप बसलेला, त्यामुळे पॅडलच्या प्रत्येक फेरीला करकर. ढकलत ढकलत माथ्यावर पोचलो तर काजूच्या झाडाखाली एक टपरी. टपरीवाल्या काकांनी चहाचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "खंय जातलास?"

आज मालवण, परवा आंबोली, असं सांगितलं. इथेच ही गत, तर घाटात काय होणार, ही धास्तीही बोलून दाखवली.

"घाट बरो," काका म्हणाले. "ह्यो चढच माणसाक खाता."

दोन दिवसांनी आंबोलीचा घाट मी एकदाही न उतरता चढलो. सामान तेच होतं, पाय तेच होते. सिंधुदुर्गात सायकल काढणारा जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस घाटाला घाबरतो आणि किनारा म्हणजे सपाट रस्ता समजतो. खरं चित्र नेमकं उलटं आहे, आणि त्याचं कारण या रस्त्यांच्या जन्मात सापडतं.

वेंगुर्ले हे जुनं बंदर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून गावात उभ्या आहेत. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांच्या हाती गेलं. सह्याद्रीच्या पलीकडे बेळगावची छावणी होती. तिला लागणारं सामान जहाजांनी वेंगुर्ल्याला उतरायचं आणि तिथून बैलगाड्यांनी घाटावर जायचं. आंबोली नावारूपाला आली ती या वाटेवरचा मुक्काम म्हणून. थंड हवेचं ठिकाण हे कौतुक नंतरचं.

भरल्या गाडीला जुंपलेला बैल उभा चढ चढू शकत नाही, आणि उतारावर गाडी त्याच्या मानेवर येते. म्हणून त्या काळी घाटरस्ते आखताना साधारण वीस फुटांमागे एक फूट एवढाच चढ ठेवण्याचा कटाक्ष असे. रस्ता लांबला तरी चालेल, वळणं वाढली तरी चालतील, पण बैलाचा दम टिकला पाहिजे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापासून सहाशे मीटर चढायचे धरले, तर वीसास एक या हिशेबाने रस्ता बारा किलोमीटरचा होतो.

आता हाच हिशेब सायकलला लावून पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरा. रोज थोडीफार सायकल चालवणारा माणूस शंभर वॉटची ताकद दोन तास सलग लावू शकतो. वीसास एकच्या चढावर तेवढ्या ताकदीत वेग मिळतो ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. पुढच्या चक्राला २८ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३४ असतील, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की बरोबर तोच ताशी सहाचा वेग. धाप न लागता, बोलत बोलत माणूस दोन तासांत वर. चढ दुप्पट झाला, दहास एक, तर त्याच ताकदीत वेग ताशी साडेतीनपर्यंत उतरतो. त्या वेगाला भरलेल्या सायकलचा तोल राहत नाही. मग एक तर दुप्पट जोर लावायचा, नाही तर उतरून ढकलायचं. त्या दिवशी मी का उतरलो, याचं उत्तर एवढंच आहे.

किनाऱ्यावर हा दहास एकचा चढ पावलोपावली भेटतो, कारण तिथली जमीनच तशी घडली आहे. वर जांभ्याचा सपाट सडा, आणि त्याला चिरत समुद्राकडे जाणाऱ्या नद्या. वाडी खाली माडांत, पुढची वाडी पलीकडच्या खाडीकाठी, मधे पन्नास-साठ मीटर उंचीचा सडा. हा चढ ओलांडणाऱ्या वाटेला इकडे घाटी म्हणतात. पायी आणि डोक्यावरून वाहतूक व्हायची तेव्हा माणसाने जवळची वाट पाडली, आणि पुढे डांबर पुष्कळदा त्याच वाटेवर पडलं. साठ मीटरच्या दहा घाट्या चढल्या की आंबोलीचा घाट भरतो, फरक एवढाच की त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही. वेंगुर्ले, केळूस, परुळे, मग चिपीचा सडा, कर्लीची खाडी आणि मालवण या वाटेवर सडा किती सपाट असतो हे पाहायचं तर चिपीला थांबा. २०२१पासून तिथे विमानं उतरतात.

या वाटेवर वाऱ्याचाही विचार हवा. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, तो मंद असतो. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत हटत नाही. म्हणून उत्तरेकडे जायचं ते पहाटे निघून, आणि परतीचा रस्ता दुपारचा. वारा पाठीशी असला की घाट्याही थोड्या नमतात.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी दक्षिणेची वाट सांगेन. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, मग आरवली, शिरोडा, रेडी आणि तेरेखोल. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण दिवस पुरत नाही. आरवलीला वेतोबाचं देऊळ. त्याच्या पायाशी भक्तांनी वाहिलेले भलेमोठे चामडी जोडे पाहावेत. गावाची राखण करत रात्री फिरताना देवाचे जोडे झिजतात, अशी इथली श्रद्धा आहे. शिरोड्याला मिठागरं. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी अठरा वर्षं शिकवलं. तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत तिरंगा लावला. किल्ल्याखालून फेरीबोटीने सायकलसकट केरीला उतरलं की पुढे गोवा.

घाटाच्या वाटेवर आकेरी, सावंतवाडी आणि दाणोली ही गावं. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी रात्रीचा मुक्काम करावा आणि उजाडता उजाडता निघावं. दाणोली सोडली की सावली सुरू होते आणि ती जवळजवळ वरपर्यंत सोबत करते. माथ्यावर हिरण्यकेशीचा उगम. पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ, तरी या नदीचं पाणी घटप्रभेतून कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागराला जातं. उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाची नवी जात २०२० साली जगापुढे आली. तिला नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. त्या पाण्यात साबण लावू नका, बाटली बाहेर भरा.

पावसाळ्यात हा घाट टाळावा, हे माझं स्पष्ट मत. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, धुकं, दरडी, आणि धबधब्याशी थांबलेल्या गाड्यांची रांग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोचा. तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. चंदगडकडून तिलारी घाटाने उतरून दोडामार्गला येण्याचा मोह होईल. तो घाट फार उभा आहे. सलग ब्रेक दाबून ठेवले तर चाकाची रिम तापते आणि ट्यूब फुटते. थांबत थांबत, रिम निवू देत उतरायचं.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम आता पुढे सरकतं आहे, खाड्यांवर मोठे पूल होत आहेत. पुलांनी दिवसाचे तास वाचतील, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते हवेच आहेत. पण त्या पुलांवरून शाळेची मुलं, मासळी नेणारे आणि आमच्यासारखे प्रवासी सायकलने जाणार आहेत. त्यांच्यासाठी कडेला दीड मीटरचा पट्टा, मोटारींपासून कठड्याने वेगळा केलेला, आराखड्यातच असला पाहिजे. आणि पुलाच्या दोन्ही तोंडांचा चढ वीसास एकपेक्षा जास्त नको. दीडशे वर्षांपूर्वी बैलासाठी एवढा विचार झाला होता. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि सायकलवाल्यांनी ही मागणी आत्ताच लेखी करावी.