मेंदूच्या तळाशी असलेले 'हौद' स्कॅनवर दिसेनासे झाले, तर डॉक्टर का धावतात?

डोक्याला जोरात मार लागलेला पेशंट आला की आधी सीटी स्कॅन होतो. कवटीला तडा गेलाय का, कुठे रक्त साकळलंय का, हे बघितलं जातंच. पण डॉक्टरांची नजर आणखी एका ठिकाणी जाते. मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेमभोवती काही काळ्या मोकळ्या जागा असतात. त्या नीट काळ्या दिसल्या की जरा हायसं वाटतं.

या जागांना म्हणतात 'सिस्टर्न'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाण्याची टाकी. आपण हौद म्हणू.

मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात आतलं आवरण मेंदूच्या प्रत्येक घडीला चिकटून जातं, तर मधलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, वरून ताणलेलं राहतं. या दोघांमध्ये सीएसएफ नावाचं पाण्यासारखं द्रव असतं आणि जिथे अंतर वाढतं तिथे हौद तयार होतो. मागे खाली आहे तो सिस्टर्ना मॅग्ना, सगळ्यात मोठा. वर मागच्या बाजूचा क्वाड्रिजेमिनल सिस्टर्न स्कॅनवर चक्क हसऱ्या ओठांसारखा दिसतो!

हे हसू पुसलं गेलं तर मात्र प्रकरण गंभीर असतं. कवटी टणक, ती फुगत नाही. मेंदूला सूज आली की आधी सीएसएफ मणक्याकडे ढकललं जातं आणि हौद चेपतात. त्यानंतर दाबला जातो तो ब्रेनस्टेम. श्वास, हृदयाचे ठोके, शुद्ध, सगळं तिथूनच चालतं. म्हणजे हौद दिसेनासे होणं याचा अर्थ आतली जागा संपत आली.

दुसरा धोका म्हणजे काळ्याऐवजी पांढरा रंग. मेंदूच्या मुख्य रक्तवाहिन्या याच हौदांमधून जातात. एखाद्या वाहिनीवरचा फुगा फुटला की रक्त थेट इथे पसरतं, आणि ताजं रक्त स्कॅनवर पांढरं दिसतं. पेशंट सांगतो, 'आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं.' दुखणं क्षणात टोकाला जातं.

इथे वेळ फार महत्त्वाची. पहिल्या 6 तासांत केलेल्या चांगल्या सीटी स्कॅनवर हे रक्त जवळजवळ नेहमी सापडतं. पण सीएसएफ मोठ्या माणसात असतं साधारण 150 मिली आणि शरीर दिवसाला सुमारे 500 मिली नवं बनवतं. त्यामुळे रक्त हळूहळू धुतलं जातं. गोळी घेऊन दोन-तीन दिवस घरी काढले, तर स्कॅन नॉर्मलही येऊ शकतो. मग कमरेत सुई घालून पाणी तपासावं लागतं.