मनाचा नकाशा आणि घराची घडी

गतवर्षीं भाद्रपदाच्या आरंभीं आमच्या थोरल्या वहिनी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. परंतु पुढील तीन महिने आधार घेऊन खोलींतल्या खोलींत चालण्यापलीकडे त्यांनीं कांहींही करूं नये, अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. आमचें कुटुंब अकरा माणसांचें. त्यांत पदवीधर पांच, नोकरी करणारे चार, आणि पस्तीस वर्षें वर्ग मुठींत ठेवल्याचा अभिमान बाळगणारे आम्ही एक. असें असतां अवघ्या दहा दिवसांत घराची घडी विसकटली. ऐन सकाळीं गॅस संपला, तों दुसरें सिलिंडर मागविलेलेंच नव्हतें. पितृपक्ष तोंडावर आला, तरी आजोबांची तिथि सप्तमी कीं अष्टमी, याविषयीं भावाभावांत एकमत होईना. आणि ज्याची आठवण आजही आम्हांस अस्वस्थ करते तें असें, कीं थोरल्या बंधूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते, हें त्यांना घेरी येऊन ते ओटीवर मट्‌कन बसेपर्यंत कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. त्या गोळ्या दर महिन्यास कोण आणवीत असे? वहिनी. हें कोणास ठाऊक होतें? एकट्या वहिनींस.

आम्ही पडलों शाळामास्तर. गोंधळ दिसला कीं यादी करावी, ही आमची जन्माची खोड. एका फुलस्केप कागदावर घरांतील कामें सुवाच्य अक्षरांत लिहून ती यादी आम्हीं स्वयंपाकघराच्या दारास चिकटविली. कामें भरलीं बत्तीस. दोन दिवस सर्वांनीं ती वाचली; तिसऱ्या दिवशीं तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. यादींत 'गोळ्या' तेराव्या ओळींत होत्या व 'डॉक्टरांची भेट' सत्ताविसाव्या. नवी चिठ्ठी मिळाल्यावांचून गोळ्या मिळत नाहींत, हा उभयतांतील संबंध मधल्या ओळींच्या गर्दींत नाहींसा झाला होता. तेव्हां आमच्या पुतण्याची नववींत शिकणारी कन्या म्हणाली, "नानाआजोबा, यादी नुसती लांबत जाते, तिच्यांत कांहीं सांपडत नाहीं. आपण नकाशा काढूं या का? आणि तो आजीच्या खोलींत बसूनच काढूं. सगळें तिलाच ठाऊक आहे."

नातीनें आजोबांस शिकवावें यांत कमीपणा नाहीं. तथापि हा नकाशा म्हणजे काय, तें समजून घेतल्यावांचून हातीं पेन्सिल धरावयाची नाहीं, असें आम्हीं ठरविलें. त्या शोधांत जें हातीं लागलें व पुढें जें अनुभवास आलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

इंग्रजींत ज्यास 'माइंड मॅप' म्हणतात, त्यास आम्ही मनाचा नकाशा म्हणूं. त्याची रीति सोपी आहे. रेघा नसलेला मोठा कागद आडवा ठेवावा. मधोमध विषय लिहावा; लहानसें चित्र काढतां आल्यास अधिक उत्तम. तेथून चहूंकडे पांच-सहा जाड फांद्या काढाव्या व प्रत्येकीवर एकच शब्द लिहावा. फांदीस डहाळ्या, डहाळीस पानें. प्रत्येक फांदीचा रंग निराळा. वाक्यें लिहावयाचीं नाहींत, आणि जें आठवेल तें आपल्या फांदीवर टांगावयाचें; क्रमाची चिंता नंतर. या रीतीस हें नांव देऊन ती जगभर पसरविली ती टोनी बुझान (१९४२–२०१९) या इंग्रज गृहस्थानें. १९७४ मध्यें बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर त्याची व्याख्यानमाला झाली व त्याच विषयावरील त्याचें पुस्तकही निघालें, तेव्हांपासून ही रीति शाळांत व कचेऱ्यांत शिरली.

परंतु ज्ञानास वृक्षाचें रूप देण्याची कल्पना बुझानहून फार जुनी आहे. तिसऱ्या शतकांतील पॉर्फिरी या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें पदार्थांचे सामान्याकडून विशेषाकडे जाणारे भेद सांगितले, आणि पुढें युरोपांतील मठांतून व पाठशाळांतून ते वृक्षाच्या आकृतींत मांडले जात. आपल्याकडे ज्यांनीं लहानपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकला असेल, त्यांच्या मनांत तर हा वृक्ष केव्हांच रुजलेला आहे. पदार्थ सात, त्यांतील द्रव्यें नऊ, गुण चोवीस, कर्में पांच, अभाव चार, द्रव्यांत पहिली पृथिवी, ती नित्य व अनित्य, अनित्येचे पुन्हां शरीर, इंद्रिय व विषय असे तीन भेद. आमचे शास्त्रीबुवा खडूनें फळ्यावर हीच शाखावली काढीत, आणि एक फांदी विसरली तर आम्हांस पुन्हां बुंध्यापासून चढावयास लावीत. घरोघरीं कुलवृत्तांतांतून जो वंशवृक्ष असतो, तोही याच कुळांतला. भेद एवढाच, कीं तर्कसंग्रहाचा वृक्ष पुऱ्या झालेल्या विचाराचा आहे. मनाचा नकाशा हा अपुऱ्या विचाराचा. तो काढतांना पुढची फांदी कोणती येईल, हें काढणारासही ठाऊक नसतें.

याचा उपयोग कां होतो, हें समजण्यास कठीण नाहीं. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ मध्यें एका प्रसिद्ध निबंधांत असें मांडिलें, कीं मनुष्य एका वेळीं सुमारें सातच गोष्टी, दोन अधिक वा दोन उण्या, मनांत धरूं शकतो. पुढील संशोधकांनीं ही संख्या आणखी खालीं, चाराच्या आसपास आणली. मग बत्तीस ओळींची यादी कोणाच्या मनांत मावणार? परंतु बत्तीस पानें सहा फांद्यांवर बसविलीं, तर सहा फांद्या मनांत राहतात आणि फांदी धरली कीं पानें हातीं येतात. पाढे दहा-दहाच्या गटांनीं पाठ होतात, त्यांतलेंच हें मर्म आहे.

लेखनाच्या कामीं ही रीति आमच्या हातीं फार उशिरा आली, याची आम्हांस खंत वाटते. सारा जन्म आम्हीं निबंध शिकविला तो मुद्दे देऊन. 'विहीर' हा विषय दिला कीं फळ्यावर चार मुद्दे लिहावयाचे : पाण्याचें महत्त्व, विहिरीची रचना, उपयोग, उपसंहार. चाळीस वह्यांत चाळीस वेळां तोच निबंध येई आणि आम्ही तो तपासून समाधान पावूं. निवृत्त झाल्यावर घरीं येणाऱ्या चार मुलांस आम्हीं तोच विषय दिला, पण या वेळीं मुद्दे न देतां कागदाच्या मधोमध विहीर काढावयास सांगितली. एकीच्या फांदीवर 'रहाट' आला, त्यास 'आवाज', त्यास 'पहांट', आणि पहांटेच्या टोंकास 'आईचे हात'. तिनें निबंध लिहिला तो आईच्या हातांवरील घट्ट्यांवर. असा निबंध आमच्या चार मुद्द्यांतून कधींही निघाला नसता.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. नकाशा म्हणजे निबंध नव्हे. वृक्ष चहूंकडे वाढतो, पण वाचक एकाच वाटेनें चालतो. म्हणून नकाशा पुरा झाल्यावर फांद्यांस अनुक्रमांक घालावे, आणि जी फांदी विषयास धरून नाहीं ती कितीही हिरवी असली तरी छाटावी. आम्ही मुलांस निदान एक फांदी छाटल्यावांचून लेखणी उचलूं देत नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. तेथें अक्षर कसें असावें, कागदास समास किती सोडावा, येथपर्यंत निगा सांगितली आहे. हातास जर इतकी शिस्त, तर हात चालण्यापूर्वीं मनास थोडी असावी, हें योग्यच होय.

अभ्यासाच्या बाबतींत पालकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असे प्रश्न असतात. हीं चित्रें या नकाशाचीं जवळचीं नातलग. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जोसेफ नोव्हॅक यांनीं त्यांची पद्धति बसविली. पुस्तक उघडें ठेवून रंगीत चित्र उतरवून काढलें कीं अभ्यास झाला, असें मुलांस वाटतें. तें खरें नव्हे. २०११ मध्यें पर्ड्यू विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धडा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षां, धडा वाचून मिटणाऱ्या व आठवेल तें स्मरणानें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आठवड्यानंतर अधिक येत होतें. म्हणून नकाशा काढावा तो पुस्तक मिटून. राहिलेल्या फांद्या पुस्तक उघडून दुसऱ्या रंगानें भराव्या. पाठांतराची जुनी परंपरा ज्या घरांत आहे, तेथें हें निराळें पटवून द्यावयास नको. मेंदूच्या उजव्या व डाव्या अर्धाविषयीं या रीतीचे प्रचारक जें सांगतात, तेंही फारसें मनावर घेऊं नये. इतकी सरळ वांटणी आजचें शास्त्र मानीत नाहीं. रीति उपयोगी आहे. ती चमत्कार नाहीं.

आतां घराकडे वळतों. एका रविवारीं दुपारीं नात, आम्ही व रंगीत पेन्सिली असे वहिनींच्या खोलींत जमलों. नातीनें मध्यें घर काढलें व सहा फांद्या ओढल्या : स्वयंपाकघर, औषधपाणी, पैसाअडका, मुलें, सणवार व कुळधर्म, आणि माणसें. वहिनी बोलत गेल्या, ती लिहीत गेली. ज्या पानाचें काम जो करी, त्याच्या रंगानें तें पान रंगवावयाचें ठरलें होतें. वहिनींचा रंग लाल. 'माणसें' ही फांदी आमच्या यादींत नव्हतीच. विधवा आत्याबाईंस दर गुरुवारीं फोन, घरकामाच्या बाईंच्या मुलीच्या फीची तारीख, शेजारच्या एकट्या आजोबांस सणाचें ताट, माहेरवाशिणींस पाठवावयाचें मेतकूट, हीं कामें आहेत, हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें.

दोन तासांनीं पानें मोजलीं. एकूण एक्कावन्न. आमच्या यादीहून एकोणीस अधिक. एक्कावन्नांपैकीं लाल पानें त्रेचाळीस. आमचीं स्वतःचीं निळीं पानें दोन : देवपूजा व वृत्तपत्राचें बिल.

यादींत हें दिसलें नसतें. यादी काम सांगते. काम कोणाच्या खांद्यावर आहे तें सांगत नाहीं. कागद भिंतीस टेकून ठेवला, तेव्हां खोलींत येणाऱ्या प्रत्येकास तो प्रथम लालच दिसे. वहिनींनीं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलें व म्हणाल्या, "भाऊजी, हें एवढें होतें होय? मला आपलें वाटे, दिवसभर माझें कांहींच काम होत नाहीं, नुसती संध्याकाळ होते." चाळीस वर्षें ज्यांच्या हातचें जेवलों, त्यांना काय उत्तर द्यावें, हें आम्हांस सुचलें नाहीं.

त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर कामांची वांटणी करावयास सर्व बसलों. आम्हीं मोठ्या उत्साहानें लाल पानें दोन्ही सुनांच्या नांवें लिहावयास आरंभ केला. दोघीही नोकरी करणाऱ्या, दोघी गप्प. तेव्हां नातच म्हणाली, "म्हणजे लालच्या जागीं हिरवा आणि केशरी, एवढेंच ना?" आम्हीं पेन्सिल खालीं ठेवली. तो कागद बाजूस सारून नवा घेतला. औषधपाण्याची सबंध फांदी आमच्याकडे आली. पैसाअडका पुतण्याकडे, गॅस व वाणसामान धाकट्या बंधूंकडे, सकाळचा चहा व मुलांचे डबे भरणें आळीपाळीनें पुरुषांकडे. सर्व तिथि नातीनें वहिनींस विचारून पंचांगांत खुणा करून ठेविल्या. आजोबांची तिथि अष्टमी निघाली.

हें सारें सुरळीत चाललें, असें म्हणणें खोटें होईल. पहिल्याच महिन्यांत आम्ही दोनदां गोळ्या आणावयास विसरलों, आणि दोन्ही वेळां खोलींतून वहिनींनींच आठवण केली. डब्यांत मीठ विसरण्याचा मान धाकट्या बंधूंनीं मिळविला. नकाशा काम करीत नाहीं. काम कोठें आहे, तें दाखवितो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही तो उतरवून वाचतों, वाळलेलीं पानें खोडतों व नवीं काढतों. त्यास अर्धा तास पुरतो.

वहिनी आतां हिंडूं-फिरूं लागल्या आहेत. आरंभीं त्यांनीं एक-एक पान परत मागावयास सुरुवात केली, तेव्हां सर्वांनीं मिळून त्यांना अडविलें. अखेर दोन पानें त्यांनीं हट्टानें घेतलींच. "चकलीची भाजणी आणि आत्याबाईंचा फोन, हीं माझींच," त्या म्हणाल्या, "बाकी तुमचें चालूं द्या." आज नकाशावर लाल पानें अकरा आहेत, व तीं त्यांच्या इच्छेचीं आहेत.

वाचकांस एवढीच विनंती, कीं आमच्याप्रमाणें घरांतील कोणी पडेपर्यंत थांबूं नये. बहुतेक प्रत्येक घरांत एक व्यक्ति अशी असते, कीं सर्व गोष्टी तिच्या डोक्यांत असतात आणि म्हणून त्या इतर कोणाच्याही डोक्यांत नसतात. येत्या सुटीच्या दिवशीं एक मोठा कोरा कागद व चार रंगीत पेन्सिली घेऊन त्या व्यक्तीजवळ जाऊन बसावें. विचारावें, ऐकावें आणि लिहून घ्यावें. रंग मात्र प्रामाणिकपणें भरावे.