गोचीड, जिलेटिन आणि हिरवा ठिपका

उन्हाळ्यात कॅम्पिंगला गेलात, गोचीड चावली, काढून टाकली आणि विसरून गेलात. काही आठवड्यांनी शेकोटीवर भाजलेले मार्शमॅलो खाल्ले आणि मध्यरात्री अंगभर पित्त उठलं. 'काहीतरी बाधलं' म्हणाल, पण चार-पाच तासांपूर्वीच्या मार्शमॅलोवर संशय जाणार नाही. गुन्हेगार मात्र तोच असू शकतो.

याला अल्फा-गॅल सिंड्रोम म्हणतात. अल्फा-गॅल ही एक शर्करा. ती बहुतेक सस्तन प्राण्यांत असते, आपल्यात नसते. अमेरिकेत मुख्यतः 'लोन स्टार' जातीची गोचीड चावल्यावर काहींचं शरीर या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पुढे सस्तन प्राण्यांपासून बनलेला पदार्थ खाल्ला की साधारण दोन ते सहा तासांनी त्रास सुरू होतो. सीडीसीने २०१० ते २०२२ या काळात १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण नोंदवले आहेत. म्हणजे जन्मभर शाकाहारी असलात तरी सुटका नाही. प्रश्न गोचिडीचा आहे.

आता गोड पदार्थांकडे वळू. पाकिटावरचा 'कंटेन्स' हा रकाना इथे पुरेसा नाही. अमेरिकी कायद्यात नऊच प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ आहेत: दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि २०२३ पासून तीळ. जिलेटिन त्यात नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचा.

जिलेटिन मार्शमॅलो, जेली, गमी, काही मूस आणि योगर्टमध्येही सापडतं. ते बहुधा डुकराच्या कातडीपासून किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. यादीत नाव असतं, पण प्राणी कोणता हे सांगणं बंधनकारक नाही. लार्ड आणि टॅलो म्हणजे सरळ प्राण्यांची चरबी. मोनो-डायग्लिसराइड्स, ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड आणि 'नॅचरल फ्लेवर्स' वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य, दोन्ही असू शकतात. शंका असेल तर उत्पादकाला विचारा.

आणि आपला हिरवा ठिपका? इंडियन स्टोअरमधल्या डब्यावर तो दिसला की आपण निश्चिंत होतो. जिलेटिनच्या बाबतीत ते ठीक, पण ठिपक्याचा अर्थ 'शाकाहारी' असा आहे आणि त्यात दूध चालतं. बासुंदी, पेढे, श्रीखंड सगळ्यांवर तो असतो. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना दूध पचतं, काहींना मात्र त्याचाही त्रास होतो. आइस्क्रीमसारख्या स्निग्ध पदार्थांनी तो जास्त जाणवू शकतो.

तेव्हा स्वतःच्या मनाने दूध सोडू नका, की बिनधास्त खाऊही नका. जंगलवाटांवर फिरणं आणि रात्री उठणारं पित्त यांचा मेळ बसत असेल, तर ॲलर्जीतज्ज्ञांना दोन्ही गोष्टी सांगा. रक्ततपासणी करता येते. श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता ९११ ला फोन करा.